अनुमोदक मीरासाहेब

आमच्या बोरजाईच्या ग्रामपंचायतीत नऊ पंच होते. आठ जण भांडायचे आणि नववा म्हणायचा, "माझं अनुमोदन." तो नववा मी. नाव मीरासाहेब, धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा. गावात कुणाचं लग्न ठरलं की आधी भटजीकडं माणूस जायचा आणि तिथून परस्पर माझ्याकडं यायचा. साऱ्या गावाला मी गाद्यांवर झोपवलं आणि स्वतः घोंगडीवर झोपलो. पिंजाऱ्याच्या घरात गादी टिकत नाही. केली की कुणीतरी घाईचं गिऱ्हाईक येतं आणि घेऊन जातं.

गाव पुणे-नाशिक रस्त्यावरचं. इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणकडं निघालं की डाव्या हाताला लागायचं. गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. दोन्ही आळ्यांतली माणसं एकाच आडनावाची, एकाच मूळ पुरुषाची, आणि म्हणूनच एकमेकांचं तोंड न बघणारी. वरच्या आळीचे अर्जुनराव सरपंच होते. खालच्या आळीचे हिंदुराव सरपंच नव्हते, आणि हे दुःख ते रोज सकाळी उठून नव्यानं करायचे. चार पंच या आळीचे, चार त्या आळीचे, आणि मी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखालचा.

मला पंच का केलं, याबद्दल माझी बरेच दिवस मोठी गोड समजूत होती. गावात मुसलमानांची दहा-बारा घरं. त्यांच्यातला एक पंच घ्यायचा, असं गावानं ठरवलं. नवाब मेस्त्री शिकलेला होता, लॉरीचं इंजिन उघडून परत जोडायचा आणि कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. तरी निवड झाली माझी, तीही बिनविरोध. मला वाटलं, गावानं माझं शहाणपण ओळखलं. माझ्या डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर सदा कापूस बसलेला असायचा, त्यामुळं पस्तिशीतच मी साठीचा आणि विचारी दिसायचो. घरी आलो आणि बायकोला, रोशनबीला, छाती फुगवून सांगितलं. ती गादीच्या खोळीला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी कुणाला न्हाई म्हणत न्हाई, म्हणून घेतलं असंल." मी म्हणालो, बाईमाणसाला राजकारण कळत नाही.

पहिल्या सभेतच तिचं म्हणणं खरं ठरलं. अर्जुनरावांनी सूचना मांडली की गावच्या विहिरीचा गाळ काढावा. सेक्रेटरी ज्योतीराम, अंगानं काडी आणि स्वभावानं भित्रा, टाक दौतीत बुडवून म्हणाला, "सूचक अर्जुनराव. अनुमोदक?" सगळे गप्प. मला वाटलं, गाळाला कुणाचा विरोध असणार? पण गोष्ट गाळाची नव्हती. सूचना वरच्या आळीची, तर तिला पाठिंबा वरच्या आळीबाहेरचाच पाहिजे, नाहीतर तो गावाचा ठराव होत नाही, वरच्या आळीचा होतो आणि खालची आळी पट्टी भरत नाही. असा तिथला रिवाज. आणि खालच्या आळीतल्या ज्या कुणी वरच्या आळीला अनुमोदन दिलं असतं, त्याच्या घरी भावकीतलं कुणी पुढं पाणी प्यायलं नसतं. त्यामुळं मी येण्याआधीच्या साली पंचायतीनं वर्षभरात एकच गोष्ट एकमतानं केली होती, ती म्हणजे सभा तहकूब. तिला मात्र अनुमोदन लागत नसे.

मी बिचारा गप्प बसवत नाही म्हणून बोललो, "गाळ काढायला काय हरकत हाय?" ज्योतीरामनं झडप घालून लिहिलं, अनुमोदक मीरासाहेब. अर्जुनरावांनी बघितलं, हिंदुरावांनी बघितलं, आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. हा माणूस कुणाचाच नाही. याला भावकी नाही, आळी नाही, शेताचा बांध नाही. यानं अनुमोदन दिलं तर कुणाचंच नाक कापलं जात नाही. त्या दिवशी चहा आला तेव्हा पहिला कप माझ्यापुढं आला. मी तो मोठ्या रुबाबात प्यालो.

पुढची पाच-सहा वर्षं मी गावाचा संसार अनुमोदनावर चालवला. कोंडवाड्याचं कुंपण, चावडीची कौलं, गटार, उकिरड्याचे लिलाव, सगळ्याला माझं अनुमोदन. बजेटच्या सभेत अर्जुनराव म्हणाले, गॅसबत्ती वरच्या आळीत देवळापुढं लावावी. माझं अनुमोदन. हिंदुराव म्हणाले, ती खालच्या आळीत तालमीपुढं लावावी. माझं अनुमोदन. दोन्ही ठराव मंजूर झाले आणि बत्ती एकच होती. म्हणून पंचायतीचा शिपाई भैरू एक पंधरवडा ती वर टांगायचा आणि एक पंधरवडा खाली. रस्त्याकडेला, जिथं आम्ही राहत होतो, तिथं अंधारच राहिला. तिथं बत्ती लावा, असं कुणी सुचवलंच नाही. कुणी म्हणजे मीसुद्धा. सूचना मांडणं हे आपलं काम नव्हे, अशी माझी पक्की धारणा होती. घरीही तसंच. रोशनबी म्हणायची, आज डाळ करू. मी म्हणायचो, कर. ती म्हणायची, उद्या चाकणच्या बाजाराला जा. मी जायचो. हाताला अशी सवय लागली की नवाब मेस्त्री मुद्दाम माझ्या दारापुढं येऊन ओरडायचा, "अनुमोदक?" आणि माझा हात पिंजायच्या मोगरीसकट वर जायचा. मग तो हसत पुढं निघून जायचा.

या कौतुकात सत्तावन्न साल उजाडलं. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला होता, चिंचवडच्या माळावर आणखी कारखाने येणार, असं लोक बोलत होते. नाशिकच्या रस्त्यावर कांद्याच्या लॉऱ्यांबरोबर लोखंडाच्या, सिमेंटच्या लॉऱ्या धावायला लागल्या. काल जिथं कुत्रं फिरकत नव्हतं तिथं ड्रायव्हर उतरून चहा मागायला लागले. आणि एक दिवस वरून कागद आला की ज्या गावांतून रस्ता जातो त्यांनी धंद्यांच्या जागेचे नियम करावेत. कुठं दुकानं, कुठं राहती घरं, कुठं घाण-धुळीचे धंदे, ते आखून द्यावं.

सभा भरली. ज्योतीरामनं वरून आलेला मसुदा जसाच्या तसा उतरवून काढला होता. तो उभा राहून वाचू लागला. रस्त्याकडेला स्वच्छ धंदे, म्हणजे हॉटेल, किराणा, सायकलचं दुकान वगैरे. त्यामागं वस्ती. आणि ओढ्यापलीकडं, धूळ, धूर व दुर्गंधी पसरवणारे धंदे, ते येणेप्रमाणे: "कातडी कमावणे, हाडे साठवणे, चुना भाजणे, विटा भाजणे, कापूस पिंजणे..."

कापूस पिंजणे! माझ्या आज्यानं पिंजलं, बापानं पिंजलं, धनुकलीची तात तुटेपर्यंत आणि फुप्फुस भरेपर्यंत पिंजलं, पण कुठल्या कागदावर कधी आमचं नाव चढलं नव्हतं. आता सरकारी कागदात, शुद्ध भाषेत, आमचा धंदा! मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळे माझ्याकडंच बघत होते. मी ताठ झालो, टोपी सरळ केली. वाटलं, आज बाप असायला पाहिजे होता.

"सूचक अर्जुनराव," ज्योतीराम म्हणाला, आणि पुढचं विचारताना त्याचा आवाज का कोण जाणे बारीक झाला. "अनुमोदक?"

मी त्या दिवशी बसून अनुमोदन दिलं नाही. उभा राहिलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही.

ठराव मंजूर झाल्यावर हिंदुरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अर्जुनराव म्हणाले, "मीरासाहेब, मन मोठं हाय राव तुमचं." मी म्हणालो, "आपलं काय हाय, गावाचं भलं झालं म्हंजी झालं." आणि रस्ताभर त्या वाक्यावर खूश होत घरी आलो.

रोशनबीला मी मसुदा पाठ म्हणून दाखवला. कापूस पिंजणे हे शब्द दोनदा म्हटले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही यादी कसली?"

"धंद्यांची."

"रस्त्यावर ठेवायच्या धंद्यांची, का ओढ्यापल्याड धाडायच्या?"

मी मसुदा मनात पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितला.

"आपल्या गावात कातडी कमावणारा कोन हाय?" ती म्हणाली. "चुना कोन भाजतो? विटाची भट्टी तर नदीकाठी, ती दुसऱ्या गावाच्या हद्दीत. मंग त्या यादीतलं बोरजाईत ऱ्हातंय कोन?"

यादीतला गावात राहणारा माणूस एकच होता, आणि तो पंचांच्या रांगेत टोपी सरळ करून बसला होता.

इथं रोशनबीबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही पिंजारी लोक फिरते. धनुकली खांद्यावर टाकायची, या गावातून त्या गावात तात वाजवत हिंडायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती डोक्यावर बोचकं घेऊन माझ्यामागून चालत होती. तळेगाव, वडगाव, खेड, मंचर, आणि जी नावं आता आठवत नाहीत ती गावं. आमचं एकुलतं लेकरू अशाच एका वाटेवर गेलं. त्याची माती कुठल्या गावाच्या शिवेत आहे तेही आम्हाला नीट सांगता येत नाही. बोरजाईला आलो तेव्हा तिनं बोचकं या कडुलिंबाखाली उतरवलं आणि म्हणाली, "आता मी ह्ये परत उचलायची न्हाई." मी म्हटलं, बरं. त्यालाही माझं अनुमोदनच होतं. मग गावठाणातल्या त्या पडीक तुकड्यावर आम्ही भिंती घातल्या, पत्रे टाकले. दारापुढं तिनं मेंदीचं झुडूप लावलं. दोन्ही आळ्यांतल्या बायका लग्नाच्या आदल्या दिवशी पाला न्यायला यायच्या. गावात एकमेकींशी न बोलणाऱ्या बायका माझ्या दारात त्या झुडपापाशी मात्र बोलायच्या. रोशनबी मधे बसून टाके घालायची. इतक्या वर्षांनी तिला सगळे नावानं हाका मारत होते.

आणि ओढ्यापलीकडं काय होतं? गावाची मेलेली जनावरं टाकायची जागा. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडचा माणूस पलीकडंच राहायचा. तिथं भरलेली गादी नव्या नवरीच्या खाली कोण घालणार? कापसाला वास फार लवकर लागतो.

पंधरा-वीस दिवसांनी भैरू जागा सोडून ओढ्यापलीकडं जायची नोटीस घेऊन आला. बिचारा दारात घुटमळत उभा राहिला. मी म्हटलं, "दे." नोटीस मिळाली म्हणून मी सही केली. भैरू तरी जाईना. म्हणाला, "मीरासाब, नोटीस दिल्याली पंचानं बघितली म्हून अजून एक सही लागती. पंच तर वर ऱ्हात्यात. ऊन लई झालंया."

त्या दिवसापर्यंत रस्त्याकडच्या साऱ्या नोटिसांना पंच म्हणून मीच सही करत आलो होतो. मीरासाहेबाला नोटीस मिळाली हे मीरासाहेबानं समक्ष पाहिलं, असं मी लिहून दिलं. भैरूनं कागदावर फुंकर घातली. रोशनबीनं त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मीही पाणी मागितलं.

मग मी अर्जुनरावांकडं गेलो. ते मी भरलेल्या गादीवर, मी भरलेल्या लोडाला टेकून बसले होते. आपुलकीनं बोलले. "अरं मीरासाहेब, मी काय तुला उठवणाराय? पन ठरावाला अनुमोदन कुनाचं? तुझंच. आता मीच उलटी सूचना आणली तर खालची आळी म्हनंल, सरपंचाची जीभ दोन बाजूला चालती. तू मांड सूचना. सवलत द्यावी म्हून. मी काय आड येणार न्हाई."

हिंदुरावांकडं गेलो. तीच गादी, फक्त खोळ निळी. ते म्हणाले, "तुझ्यावर अन्याव झाला, मी तर म्हनतो. पन मी मांडली तर वरची आळी हानून पाडंल. तू मांड. तू कुनाचाच न्हाईस, तुला कोन न्हाई म्हनंल?"

दोन्हीकडं चहा झाला. दोन्हीकडून मी समाधानानं बाहेर पडलो. परत येताना नवाब मेस्त्री भेटला. लॉरीखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "चाचा, तुमच्या जागेवर वरच्या आळीला हॉटेल काढायचंय आणि खालच्या आळीला किराणा. लिलावाची वाट बघून ऱ्हायलेत दोघं. आयुष्यात पयल्यांदा एकमत झालंय त्यांचं, अन् ते तुमच्यावर." मी त्याला म्हणालो, माणसाबद्दल एवढं वाईट मनात आणू नये. तो परत लॉरीखाली गेला.

सूचना मांडायची म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. मी घरात सराव सुरू केला. कापसाच्या ढिगापुढं उभा राहायचो, एक हात टोपीला लावायचो आणि म्हणायचो, "मी मीरासाहेब अशी सूचना मांडतो की..." पुढं गाडी अडायची. दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर बोलायची जन्माची सवय. आपल्या आधी कुणीच बोललेलं नाही, तर सुरुवात कशावर करायची? रोशनबी रोज म्हणून घ्यायची. पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तसं. शेवटी एकदाची सूचना अडखळल्याशिवाय बाहेर पडली. मी खुशीत तिला म्हटलं, "आता तू म्हण, माझं अनुमोदन."

"मी न्हाई म्हनायची," ती म्हणाली. "तिथं आठ मानसं हायेत. त्येंच्याकडनं घ्या. इतकी वरसं दिलंय तुमी त्येंना."

तिचा हिशेब बरोबर होता, असं मलाही वाटलं.

सभा बजेटची होती. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. ज्योतीरामनं निम्मं बजेट आण्यांत आणि निम्मं नव्या पैशांत केलं होतं आणि दोन्हींची बेरीज करताना तो घामाघूम झाला होता. अर्जुनराव म्हणाले, "आधी मीरासाहेबांचा विषय घिऊ. त्येंच्या जिवाला घोर नको." मला भरून आलं. बघा, नवाब काय म्हणत होता आणि माणसं कशी असतात.

मी उभा राहिलो. टोपीला हात लावला. "मी मीरासाहेब अशी सूचना मांडतो की माझा धंदा आहे त्या जागी राहू द्यावा. कापूस उडू नये म्हणून मी पुढं तट्ट्या लावीन. रस्त्याच्या बाजूला पिंजणार नाही, मागं पिंजीन." म्हणालो आणि बसलो. मला स्वतःचंच नवल वाटलं. बाहेर भैरूनंसुद्धा मान डोलावली.

ज्योतीरामनं लिहिलं. "सूचक मीरासाहेब. अनुमोदक?"

कुणी बोललं नाही.

मी अर्जुनरावांकडं बघितलं. ते छताची कौलं बघत होते, ज्यांना मी अनुमोदन दिलं होतं. हिंदुराव पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढत होते. बाकीची सहा डोकी, तीन इकडं आणि तीन तिकडं, खाली घातलेली. मी प्रत्येकाकडं बघत गेलो. याच्या कोंडवाड्याला मी होतो. याच्या गटाराला मी होतो. याच्या भावाच्या लिलावाला मी होतो. मला राग आला. खरंच आला. वाटलं, उठावं आणि एकेकाच्या ढुंगणाखालची गादी ओढून घ्यावी.

आणि मग एक गोष्ट घडली, तिच्यावर त्यानंतर गाव पुष्कळ वर्षं हसलं. शांतता फार वेळ लांबली, तशी एकेकाची मान वर झाली आणि सवयीप्रमाणं सगळे माझ्याकडं बघायला लागले. आठच्या आठ. पंचायतीत शांतता पडली की मीरासाहेबाकडं बघायचं, हे त्यांच्या मानांना ठाऊक होतं. त्यातला एक तर कळवळून म्हणाला, "मीरासाहेब, म्हना की लवकर. बजेट ऱ्हायलंय अजून."

ज्योतीराम बारीक आवाजात म्हणाला, "त्यांना नाही देता येत. ते सूचक आहेत." पण त्यानंही सवयीनं माझं नाव तिथं आधीच लिहून ठेवलं होतं. आता ते त्यानं खोडलं. चावडीत हशा पिकला. मीसुद्धा हसलो. आठ माणसं हसत असताना नववा काय करणार?

"अनुमोदक नसल्यानं सूचना बारगळली," असं लिहून ज्योतीराम बजेटाकडं वळला. त्यानं आण्यांत वाचलं, नव्या पैशांत वाचलं. सूचक अर्जुनराव. आणि त्यानं मान वर केली. "अनुमोदक?"

आता मात्र मी तोंड मिटून घेतलं. मनाशी म्हटलं, आता बघू. खालची आळी गप्प. वरची आळी गप्प. बजेट त्याच आठवड्यात तालुक्याला जायला पाहिजे होतं. अर्जुनरावांच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदाच बघितला. मला कळलं की सहा वर्षं गाव माझ्या एका हातावर उभं होतं, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आता मी फक्त गप्प बसायचं. गप्प बसलो की ते विचारणार, मीरासाहेब, काय पाहिजे? मग मी सांगणार. मनात मी पुढचं सगळं बोलणंही जुळवून ठेवलं.

तेवढ्यात ज्योतीराम माझ्या बाजूला वाकला. "मीरासाहेब," तो पुटपुटला, "मी लिहून ठेवलंय हो तुमचं नाव. एक खाडाखोड आधीच झालीय. दुसरी झाली तर तालुक्याचे साहेब माझा पगार कापतील." तो रडकुंडीला आला होता. घरी त्याची दोन लहान लेकरं होती.

त्यावर मी विचार केला असता तर बरं झालं असतं. पण विचार सुरू व्हायच्या आधीच हात वर गेला होता.

"माझं अनुमोदन," मी म्हणालो.

त्या दिवशीही चहाचा पहिला कप माझ्यापुढंच आला. मी तो प्यालो, हेही सांगायला हरकत नाही.

घरी गेलो तेव्हा दिवेलागणी झाली होती. आमच्या बाजूला बत्ती नव्हतीच, त्यामुळं रोशनबी दारात बसलेली मला जवळ गेल्यावर दिसली. तिनं विचारलं, "कुनी दिलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. मग बजेटाचंही सांगितलं. ज्योतीरामचं सांगितलं. म्हटलं, लहान पोरं आहेत गं त्याला.

ती ओरडेल असं वाटलं होतं. मला ते हवंही होतं. आमच्या घरात सूचना मांडायची ती तिनं. तिनं म्हणावं, इथून हलायचं नाही, आणि मी म्हणावं, बरं. किंवा तिनं म्हणावं, चला, आणि मी म्हणावं, बरं. पण ती आत गेली, पेटीमागून जुनं बोचकं काढलं, झटकलं, त्यात भांडी-कपडे भरले आणि गाठ मारून उंबऱ्याशी आणून ठेवलं. मग बोचक्याशेजारी उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"चला म्हण की," मी म्हटलं.

"मी न्हाई म्हनायची. परत बोचकं उचलायची न्हाई, म्हनून बोललेय मी. आज तुमी मांडा."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. का कोण जाणे, हात टोपीला गेला. मेंदीच्या झुडपाकडं बघून म्हणालो, "मी मीरासाहेब अशी सूचना मांडतो की आपण ओढ्यापलीकडं राहायला जावं." शेवटच्या शब्दाला आवाज फुटला. इतका सराव करूनही फुटला.

रस्त्यानं एक लॉरी गेली. तिच्या उजेडात मला रोशनबी दिसली. तिनं झुडपाची एक फांदी मोडून कमरेला खोचली. मग खाली वाकली आणि मी पुढं व्हायच्या आत तिनं बोचकं डोक्यावर घेतलं.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली.